साखर सोडण्याचा संपूर्ण विधी (उद्यापन वगळून)

स्वतःत बदल घडवणे अगदी सोपे आहे. दर 1 जानेवारीला, दर गुढीपाडव्याला आणि पॅथॉलॉजी लॅबमधून रिपोर्ट घेऊन परतणाऱ्या प्रत्येक रिक्षात तो घडतच असतो. अवघड असते ते पुढचे काम. झालेला बदल असा मुरवायचा की तो आपला स्वभाव, निदान आपली ओळख तरी व्हावा. या विषयावर इंग्रजीत ढिगाने पुस्तके आहेत, पण ती लिहिणाऱ्यांपैकी कोणावर लग्नाची पत्रिका द्यायला काकूंकडे जाऊन चहा नाकारण्याची वेळ आलेली दिसत नाही. म्हणून हे मार्गदर्शन. उदाहरणादाखल आपण चहातली साखर सोडण्याचा बदल घेऊ. पहाटे फिरायला जाणे, तंबाखू सोडणे, वेळेवर घरी येणे यांनाही हाच विधी लागू आहे. साधकाने साखरेच्या जागी आपापला पदार्थ घालावा.

आधी दिवसांचा घोळ निस्तरू. एकवीस दिवसांत सवय लागते, असे तुम्हाला कोणीतरी सांगितलेच असेल. सांगणाऱ्याची सवय बहुधा बाविसाव्या दिवशी सुटलीही असेल. या आकड्याचे मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या पुस्तकात आहे. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला आरशातल्या नव्या रूपाची सवय व्हायला कमीत कमी एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे तोंडातोंडी जाताना 'कमीत कमी' तेवढे गळाले. शिवाय ज्याचे नाक बदलले आहे, त्याला बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून जुने नाक लावून ऑफिसला जाता येत नाही. साखरेचा डबा मात्र ओट्यावरच असतो.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगितली आणि रोजची नोंद ठेवली. 2010 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात मधला आकडा निघाला 66 दिवसांचा; कोणाचे 18 दिवसांत भागले, तर कोणाला 254 लागतील असे दिसले. 'लागतील' म्हणायचे कारण असे की अभ्यासच मुळात 84 दिवस चालला होता. म्हणजे त्या गृहस्थांची सवय अजून वाटेत होती आणि संशोधक सामान आवरून गेले.

आपल्याकडे हा प्रश्न पंचांगाने फार पूर्वी निकालात काढला आहे. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, सलग चार महिने. अधिक मास मध्ये आला तर पाच, जसे 2023 साली झाले. कांदा, लसूण, वांगे वर्ज्य. लॅलीबाईंचे 66 दिवस यात आरामात बसतात. तरीही चातुर्मास पाळणाऱ्या कोणाचा कांदा कायमचा सुटल्याचे ऐकिवात नाही, कारण तशी अपेक्षाच नाही. एकादशीच्या दोनच दिवस आधी कांदेनवमी असते. त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका, कोशिंबीर, सगळीकडे कांदाच कांदा. पलीकडच्या टोकाला चंपाषष्ठी, तेव्हा खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगे, म्हणजे वांग्याचे समारंभपूर्वक पुनरागमन. दोन्ही टोकांना मेजवानी, मध्ये संयम आणि सुटकेची तारीख पहिल्या दिवसापासून कालनिर्णयवर छापलेली. नेम धरलेला माणूस हा कांदा खाणाराच माणूस असतो, फक्त रजेवर गेलेला. पूर्वजांच्या व्यवहारज्ञानाला माझा दंडवत. पण आपल्या कामाचे हे नाही.

आपल्या कामाची आहे ती माळ. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस-मद्य सुटते, एकादशी लागते, पंढरीची वाट लागते आणि उद्यापन नावाची सोय बंद होते. माळकऱ्याला कोणी 'किती दिवस झाले?' असे विचारत नाही. याचे गुपित मण्यांत शोधू नये. माळ घालणाऱ्याला स्वतःला ती फारशी दिसतच नाही; ती समोरच्याला दिसते. आणि वारकऱ्यांत समोरचा, मग तो वयाने दुप्पट का असेना, 'माऊली' म्हणून तुमच्या पायाला हात लावतो. आदल्या रात्री चोरून कोंबडी खाल्लेल्या माणसाच्या सकाळी एखादे सत्तरीचे आजोबा पाया पडले, तर ती कोंबडी पचत नाही. ज्यांना खायचीच असते ते आधी माळ काढून खुंटीला अडकवतात. म्हणजे आत्ता रस्सा ओरपतोय तो मी नव्हेच, हे त्यांनाही मान्य असते.

तेव्हा साधकाने नेम धरू नये, माळ घालावी. चहातल्या साखरेची माळ बाजारात मिळत नाही. ती काकूंकडून घालून घ्यावी लागते.

इथे एक शास्त्रीय पेच आहे. विल्यम जेम्स यांनी 1890 सालच्या आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की नवी सवय लावताना जमल्यास चारचौघांत प्रतिज्ञा करावी. उलट पीटर गोल्विट्झर आणि सहकाऱ्यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की आपण अमुक होणार, हा विद्यार्थ्यांचा निश्चय दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून गेला की पुढचे कष्ट कमी होतात. होण्याचे समाधान आगाऊच मिळून जाते. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याचा पुरावा रोज मिळतो. 'आजपासून साखर बंद' असे टाकणाऱ्याला भराभर अंगठे येतात, फुलांचे गुच्छ येतात, आणि इतके कौतुक झाल्यावर तोंड गोड करायला नको का?

मग जाहीर करावे की करू नये? साधकाने स्वतः काहीही जाहीर करू नये. ते काम नातेवाइकांचे आहे आणि त्यांना ते आपल्यापेक्षा बरे जमते.

प्रत्यक्ष विधीसाठी काकूंचे घर निवडावे. काकू सख्ख्याच हव्यात असे नाही, मात्र त्यांचे माहेर मोठे असावे. दुपारी चारच्या सुमारास जावे. 'चहा टाकते हं,' हे शब्द कानावर पडताच, पण पातेल्यात साखर पडण्याआधी, शांतपणे म्हणावे, 'काकू, माझा बिनसाखरेचा.'

स्वयंपाकघरातले आवाज थांबतात. काकू हात पुसत बाहेर येतात.

'का रे? शुगर निघाली का?'

सगळा विधी या उत्तरावर उभा आहे. 'नाही' म्हणालात तर 'मग घे की चमचाभर, तेवढ्याने काय होतंय' हे ठरलेले. 'हो' म्हणालात तर खोटे बोलल्याचे पाप, शिवाय काकूंच्या भाच्याचे कारल्याच्या रसाचे अनुभव अर्धा तास. साधकाने किंचित हसावे, खिडकीबाहेर बघावे आणि म्हणावे, 'तसं काही नाही.' एवढ्याने काकूंची खात्री पटते.

यानंतरही पहिला कप साखरेचाच येईल. 'अर्धाच चमचा घातलाय, कळणारसुद्धा नाही.' तो नाकारावा. मग गूळ पुढे येईल, कारण गुळाने काही होत नाही अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. गुळातही बहुतांश साखरच असते, हे सांगत बसू नये, काकू आपल्याला आयुष्यभर पुरवायच्या आहेत. गुळापाठोपाठ मध येतो, मधापाठोपाठ खडीसाखर. 'ही तर औषधात घालतात.' चौथ्या नकारानंतर काकूंच्या चेहऱ्यावर थोडा अपमान, थोडी काळजी आणि बरेचसे औत्सुक्य दिसू लागले की काम झाले असे समजावे.

मधेच मोह होईल, की जाऊ दे, आज घेऊ, उद्यापासून बघू. लॅलीबाईंच्या अभ्यासात एखादी खेप चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही असे आढळले होते. लंडनमध्ये तसे असेल. काकूंसमोर एकदा घेतलेला अर्धा चमचा पुढची दहा वर्षे साक्षीला उभा राहतो. 'गणपतीत तर घेतलास की!'

तुम्ही जिना उतरेपर्यंत सांगलीच्या आत्याला फोन लागलेला असतो. आत्याकडून ते मिरजेला जाते, मिरजेहून डोंबिवलीला, आणि डोंबिवलीत पोचेपर्यंत तुमची इन्सुलिनची इंजेक्शने सुरू झालेली असतात. घाबरून खुलासा करू नये. इथून पुढे तुमचा बदल तुमच्या हातात राहिलेला नाही, आणि हेच तर साधायचे होते. पुढच्या लग्नात वाढपी जिलबीचे ताट घेऊन पंगतीत येईल, तुमचा हात नकळत पानाकडे जाईल, आणि डावीकडून, उजवीकडून व समोरच्या ओळीतून एकदम आवाज येतील, 'त्यांना नको!' मनोनिग्रह म्हणून ज्याचे गोडवे गातात, त्याचा माझ्या मते निम्मा भाग अशा आवाजांचाच बनलेला असतो.

ज्यांना मोठे माहेर असलेल्या काकू नाहीत, त्यांनी एखाद्या पंथात शिरावे. काही वर्षांपूर्वी हे फार सोपे झाले होते. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी 55 मिनिटांच्या आत जेवायला सांगितले. ऋजुता दिवेकरांच्या पुस्तकांतून थोडे थोडे, दर दोन तासांनी खा असा सांगावा आला. एकाच घरात सासरे दीक्षित, सून दिवेकर, आणि कूकर कोणाच्या वेळेला लावायचा यावर वाद. आहाराचे कोणाचे खरे, ते डॉक्टरांनी ठरवावे. मला मौज वाटली ती याची, की कुलकर्णी, पाटील, शिंदे अशी भरभक्कम आडनावे असलेली माणसे सरळ 'आम्ही दीक्षित' असे सांगू लागली होती. जेवणाच्या चौपन्नाव्या मिनिटाला घड्याळ बघत श्रीखंडाची वाटी संपवणाऱ्या माणसाला 'तुम्ही कोण?' हे विचारावे लागत नाही.

आता पथ्ये. दोनतीन महिन्यांत साधकाला इतरांच्या कपात डोकावण्याची इच्छा होऊ लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015 च्या शिफारशी त्याला पाठ होतात: वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच. एका चमच्यात सुमारे चार ग्रॅम, हे तो दुसऱ्याचा चमचा हवेत असताना सांगतो. हा उपद्रव आहे, पण मी त्याला पूर्ण बंदी घालणार नाही. दहा जणांना साखर हे विष असल्याचे पटवून दिलेल्या माणसाला अकराव्यासमोर पेढा उचलता येत नाही. मात्र मात्रा सांभाळावी. अति झाल्यास लोक चहालाच बोलवायचे थांबतात आणि नाकारायला कपच उरत नाही.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे कोपऱ्यावरची टपरी. तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. शिवाय टपरीवरचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो, त्यामुळे 'मागितला नव्हता, आला' अशी सबब तयार मिळते. उपाय एकच: टपरीवाल्यालाही विधीत सामील करून घ्यावे. त्याला गर्दीच्या वेळी वेगळा, बिनसाखरेचा चहा करायला लावावा. तो पहिल्यांदा डोळे वटारेल, दुसऱ्यांदा पुटपुटेल, आणि आठवडाभरात तुम्ही रस्ता ओलांडताना दिसलात की पोऱ्याला ओरडून सांगेल, 'बिनसाखर आले रे!' तुमचे खरे नाव तिथे यापुढे कोणी विचारणार नाही.

दुष्परिणाम थोडे आहेत. दिवाळीत प्रत्येक घरून शुगर-फ्री काजूकतलीचा डबा येतो. तो पुढच्या घरी द्यावा, तिथलाही माणूस बदललेलाच असतो.

राहता राहिली परीक्षा. बदल खरोखर मुरला की नाही, हे हयातीत कळायला मार्ग नाही, कारण साधकाला विचारले तर तो हो म्हणतो आणि नातेवाइकांना विचारले तर ते त्याच्या आधी हो म्हणतात. त्यासाठी दहाव्या दिवसापर्यंत थांबावे लागते. ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड मांडलेले आहेत, शेजारी आवडीचे पदार्थ, आणि कोणीतरी आठवणीने चहाचा कपही ठेवलेला आहे. 'साखर नाही ना घातली?' काकू विचारतात. त्या तेव्हाही असतातच. 'त्याला चालायची नाही.' कावळे झाडावर बसून राहतात. मुलगा हात जोडून सांगतो, धाकटीचे लग्न थाटात करू, गावची जमीन विकणार नाही. कावळा हलत नाही. गुरुजी घड्याळ बघतात, पुढची मंडळी खोळंबलेली असतात. अखेर सांगलीहून रात्रीच्या गाडीने आलेली आत्या पिशवीतून पुडा काढते आणि दोन जिलब्या पानावर ठेवते.

कावळा झेप घेऊन आलाच, तर तो शेजारच्या पिंडाचा होता, असे काकूंनी तिथल्या तिथे जाहीर करावे.