भाईंचा ‘यो’

“टॉर्च धर.”

भाई माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते हे दोन शब्द. बोलणारा माणूस दिसत नव्हता. एका जुनाट ट्रकखालून दोन पाय तेवढे बाहेर आले होते; पायांत लोकरीचे मोजे आणि मोज्यांवर अंगठ्याची रबरी चप्पल. जानेवारी महिना, बाहेर उणे बारा. मी डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात नुकताच राहायला आलो होतो. समोर मराठी घर आहे असं कळलं म्हणून संक्रांतीचा तिळगूळ द्यायला गेलो होतो. तिळगूळ खिशातच राहिला आणि मी पाऊण तास उकिडवा बसून टॉर्च धरला. मध्येच खालून आवाज आला, “उजेड बोल्टावर पाड रे. माझ्या तोंडावर काय आहे बघण्यासारखं?”

शेवटी भाई बाहेर आले. साठी उलटलेली, अंगाने सडसडीत, कपाळावर भस्माच्या जागी ग्रीसचं आडवं बोट. त्याच हाताने त्यांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाले, “माणसांशी गोड कशाला बोलायचं मरे? माणसं आपोआप सैल होतात. गंजलेल्या बोल्टाशी गोड बोलावं लागतं.”

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी अजून टॉर्चच धरतो आहे. बढती नाही.

भाई मूळचे गोव्यातल्या डिचोलीचे. ऐंशीच्या दशकात शिकायला आले, इथल्या एका मोठ्या मोटार कंपनीत चिकटले आणि तीस वर्षं ब्रेकची गणितं सोडवून निवृत्त झाले. मोटारींच्या या राजधानीत राहून, मोटार कंपनीचा पगार घेऊन भाईंनी घरी पाळला काय, तर 1985 चा जपानी पिकअप ट्रक. हे म्हणजे देवस्थानच्या महाजनाने शेजारच्या गावच्या देवाला नवस बोलण्यासारखं. त्या दशकात या भागात जपानी गाड्या घणांनी फोडायचे जाहीर कार्यक्रम झाले होते. पुढे घण थंडावले तरी भाईंच्या ऑफिसात परक्या गाड्यांची जागा पार्किंगच्या पार टोकाला होती. भाई रोज त्या टोकाला ट्रक लावून बर्फातून चालत यायचे. “म्हणून माझं हृदय अजून ठणठणीत,” असं ते सांगतात. हृदयाच्या डॉक्टरांना त्यांनी ट्रकचा फोटोही दाखवून ठेवला आहे.

हा ट्रक त्यांना भेटला एका शेतकऱ्याच्या आवारात. मागच्या फाळक्यावर टोयोटाची सहा इंग्रजी अक्षरं उठावाने ठोकलेली असतात. त्यांतली पुढची दोन आणि मागची दोन कुणा टारगटाने रंग फासून बुजवली होती. मधली दोन उरली: ‘यो’. इथली पोरं एकमेकांना हाळी देतात तो ‘यो’. बाकीच्यांना त्यात थट्टा दिसली, भाईंना कोंकणी ऐकू आली. कोंकणीत ‘यो’ म्हणजे ‘ये’. “सातासमुद्रांपलीकडे, मक्याच्या शेतात कुणीतरी मला ‘हांगा यो’ म्हणतंय. मी जाऊ नको?” किंमत कमी करून मागायचं त्यांना सुचलं नाही. वाढवून सांगायचं शेतकऱ्याला सुचलं.

जगात बहुतेक ठिकाणी या ट्रकला हायलक्स म्हणतात. अमेरिकेत त्या काळी कंपनीने वेगळं नावच ठेवलं नव्हतं. नुसतं ‘पिकअप’, बारशाआधी पोराला ‘बाळ’ म्हणतात तसं. बारसं भाईंनी केलं.

योचं इंजिन 22आर-ई. चार सिलिंडर, 2366 सीसी, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. ताकद शंभर अश्वांहून थोडी जास्त, पण ते सगळे अश्व आता भाईंच्या वयाचे. हायवेवर शिरताना भाई आधी शांतादुर्गेचं नाव घेतात आणि मग गिअर टाकतात.

सकाळी ट्रक सुरू करताना पहिल्या दोन सेकंदांत कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. टायमिंग चेनला वाटेवर ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वयोमानाने झिजतात, तुटतात. मग तेलाचा दाब चढेपर्यंत चेन खडखडते. तिकडे काणाडोळा केला, तर ती पुढचं झाकण आतून घासत जाते, पलीकडचं कूलंट तेलात उतरतं आणि इंजिनाच्या पोटात दुधाचा चहा तयार होतो. म्हणून भाई लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात, मूठ कानामागच्या हाडाला टेकवतात आणि डोळे मिटून उभे राहतात. “चेन नाही. व्हॉल्व्ह आहेत,” असा निकाल देतात. “व्हॉल्व्हनी थोडी टकटक करावीच. अगदी गप्प बसले तर समजावं, फार आवळलेत, आता जळणार.” एकदा दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, “ऐकून ठेवा हं हे. मी बोलायची थांबले की काळजी करा.”

माझ्या विजेच्या गाडीलाही भाईंनी एकदा स्क्रू ड्रायव्हर लावून पाहिला. बराच वेळ ऐकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मुकी आहे रे बिचारी. पण सांभाळ.”

भाईंकडे वेळेचं माप एकच. कुठलंही काम अर्ध्या तासाचं. एक्झॉस्टचे तीन बोल्ट बदलायचं अर्ध्या तासाचं काम आम्ही नागपंचमीला हातात घेतलं आणि कोजागरीला सोडलं. पहिल्या दिवशी बोल्टाला नुसतं तेल पाजायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल. तिसऱ्या दिवशी बर्नरची ऊब. मग पाना लावायचा, पण सोडवायला नव्हे. आधी किंचित आवळायला. “आवळलं की गंज तडकतो, मग तो आपणहून येतो. सरळ सोडवायला गेलास तर मान हातात येते.” तिघांपैकी दोघांच्या माना हातात आल्या. अशा तुटलेल्या माना भाई बिस्किटांच्या डब्यात तारीख घालून ठेवतात.

शेजारच्या अमेरिकन आजोबांकडे पान्यांचं छातीइतकं उंच कपाट आहे, पण सगळा कारभार इंचांत. योला मिलिमीटर लागतात: दहा, बारा, चौदा, सतरा. या चार मापांवर जवळजवळ अख्खा ट्रक उलगडतो. त्यातली दहाची गोटी हरवते. नेहमी दहाचीच. बारा, चौदा, सतरा वर्षानुवर्षं आपापल्या खाचेत सुखाने नांदतात. दहाची एकादशीला असते आणि द्वादशीला नसते. भाईंनी एकीला लाल रंग लावला, ती गेली. एकीला साखळीने बांधलं, साखळी राहिली. खंडेनवमीला सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते, तेव्हा दहाच्या गोटीच्या जागी भाई सुपारी ठेवतात.

मंडळाच्या गणपतीत त्यांच्याच कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकदा म्हणाले, “भाई, तीस वर्षं इथलं मीठ खाल्लंत आणि गाडी चालवता जपानी?”

भाईंनी मोदक पानात ठेवला. “मी किती मीठ खाल्लं असेल? माझा ट्रक एका हिवाळ्यात त्याच्या दसपट खातो.”

यात अतिशयोक्ती असलीच तर थोडी. डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ ओततात. खारं पाणी शून्याखालीही लवकर गोठत नाही. ते ट्रकच्या पोटाला चिकटून बसतं आणि लोखंड खात राहतं. वर गाड्या घडवणारं गाव, खाली गाड्या खाणारं मीठ. या दोघांचं संगनमत आहे असं भाईंचं मत.

जपानी ट्रकचा विषय निघाला की त्यांना कोंबडी आठवते. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर बसवला. त्याचा वचपा म्हणून 1964 पासून जॉन्सनसाहेबांच्या सरकारने बाहेरून येणारा बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर 25 टक्के कर लावला. बाकीचे पुढे सुटले, ट्रक अजून अडकलेलेच आहेत. भांडण युरोपशी, चटका जपानला. मग जपानी मंडळी ट्रक हौद्याशिवाय पाठवू लागली. हौदा नाही म्हणजे पुरता ट्रक नाही, म्हणजे कर कमी. हौदा इथे आल्यावर बसवायचा. 1980 मध्ये सरकारने ती पळवाट बुजवली. “कोंबडी, बटाटा आणि ब्रँडी,” भाई समारोप करतात. “कर आहे की पणजीतल्या हॉटेलाचं मेनूकार्ड?” मंडळाच्या गणपतीत दरवर्षी आरतीनंतर, मोदकांच्या पंक्तीत ही कोंबडी कापली जाते. कुणी हरकत घेत नाही, कारण गणपती येतो तो योच्याच हौद्यातून. पंक्तीतल्या निम्म्या लोकांचे सोफेही त्यातूनच आलेले आहेत.

गंज तपासायची भाईंची पद्धत डिचोलीची. ट्रकखाली आडवं होऊन चासीवर हातोडीने हलके ठोके मारत जायचं, फणस पिकला का बघावा तसं. टणटणीत आवाज आला की पुढे. बद्द आवाज आला की थांबायचं. एके दिवशी हातोडी बद्दही बोलली नाही, सरळ आत गेली. त्या रात्री भाई जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून स्थळं बघायला सुरुवात झाली. बिनगंजाची चासी मिशिगनात कुठली मिळायला? ती अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. भाईंच्या फोनवरच्या चौकश्या ऐकून मला माझ्या लग्नातल्या आत्या आठवल्या. लहानपणापासून उन्हातच वाढली ना? मध्ये कधी समुद्रकाठी नव्हती ना? कुठे सांधा, वेल्डिंग? आधीच्या घरी किती वर्षं होती, तिथून का सुटली? शेवटी एका कोरड्या घराण्यातली चासी पसंत पडली. योचं वरचं सगळं अंग उचलून तिच्यावर बसवायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं. मी म्हटलं, “भाई, खालचा सांगाडा दुसरा, रेडिएटर दुसरा, दारं दुसरी. आता हा तोच यो कसा?” भाई म्हणाले, “तुमच्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा देव बदलला?”

नव्या चासीला मीठ लागू नये म्हणून दर दिवाळीला योचं अभ्यंग असतं. मुहूर्त सोयीचा आहे; नरकचतुर्दशी येते ती बर्फाचा मोसम सुरू होण्याच्या तोंडावर. ट्रक खालून धुवायचा, कोरडा करायचा आणि सांध्यासांध्यांतून, चासीच्या पोकळीतून लॅनोलिनचा फवारा मारायचा. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. लोकांच्या घरांना त्या पहाटे उटण्याचा वास येतो, भाईंच्या घराला भिजलेल्या मेंढीचा.

“यंदा यो पुरा झाला की आम्ही डिचोलीला कायमचे,” हे वाक्य मी अकरा दिवाळ्या ऐकतो आहे. घर आहे तिथे, कौलारू, बंद. एवढ्यातेवढ्यासाठी यो राहतो. कधी स्पीडोमीटरची वायर, कधी हीटरचा पंखा. दहाची गोटी मिळाली की अर्ध्या तासाचं काम.

गेल्या रविवारी भाई ट्रकखाली होते आणि मी स्वयंपाकघरात हात धुवायला आलो होतो. वहिनी हुमण करत होत्या. म्हणाल्या, “वरच्या फळीवरची सोलांची बरणी काढून दे रे.” मी काढली ती शेजारची. खड्या मिठाची निघाली. परत ठेवताना आतून खणखण ऐकू आलं.

हात घातला. मिठात प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, एकीत एक, वर रबरबँड. मिठाने लोखंडाचं काय होतं हे वहिनींनाही एव्हाना पाठ झालं होतं. आत दहाच्या गोट्या. चौदा. त्यात एक लाल.

वहिनींनी गॅस बारीक केला.

“निवृत्त झाले त्या महिन्यात यांनी माझा डिशवॉशर सुधारला,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “चांगला चालत होता. मग गॅरेजचं दार सुधारलं. ते अजून शेजाऱ्यांच्या बटणाने उघडतं. उद्या गाडी पुरी झाली की गोव्याला चला म्हणतील. नातवंडं इथे. आणि तिथे जाऊन काय करतील? मिरगाच्या तोंडावर घराची कौलं उतरवतील. अर्ध्या तासाचं काम म्हणून.”

“पण सगळ्याच कशा हो, वहिनी?”

“सगळ्या कुठे? दोन-चार त्यांनी खरंच हरवल्यात.”

तेवढ्यात गॅरेजमधून हाक आली, “अरे, दहाची गोटी बघितलीस का कुठे?”

मी बरणीकडे बघितलं, मग चुलीवरच्या हुमणाकडे. अकरा वर्षांतले रविवार मी या घरी जेवलो आहे. हुमण, सोलकढी, चतुर्थीच्या नेवऱ्या, आजाराच्या दिवसांतली पेज. पिशवीला रबरबँड लावलं, पिशवी मिठात खोल पुरली आणि झाकण घट्ट लावलं.

“नाही हो भाई, कुठे दिसली नाही,” मी ओरडलो आणि टॉर्च घेऊन गॅरेजकडे निघालो. खाल्ल्या मिठाला जागायला हवं.