गच्चीवरचे भाऊ

मानोऱ्यातले भाऊ जमिनीवर फारसे सापडत नाहीत. दूरदर्शनच्या काळात ते ॲन्टेना फिरवायला गच्चीवर चढले. मग डिशची छत्री आली, मग मोबाइलची रेंज. उतरायला निमित्तच मिळालं नाही. जगातल्या यच्चयावत बिघाडांचं मूळ भाऊंच्या मते एकच: डायरेक्शन. सोयाबीनचा भाव पडला तरी ते आधी आभाळाकडे बघतात.

सध्या लेझरचं चालू आहे. रस्त्याच्या कामावर जेसीबीनं केबल तोडली की गाव हळहळतं आणि भाऊंचा चेहरा उजळतो. "तार जमिनीत गाडाचीच कायले? हवेतून धाडा!" पुरावा म्हणून थेट काँगो नदी. ब्राझाव्हिल आणि किन्शासा समोरासमोर, पण केबलला चारशे किलोमीटरहून मोठा वळसा. २०२१ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीच्या 'तारा' प्रकल्पानं नदीवरून ४.८ किलोमीटर अदृश्य झोत टाकला आणि २० दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट पलीकडे पोचवले. टेराबाइट हा शब्द भाऊ क्विंटलच्या चालीवर म्हणतात.

मानोऱ्याची योजनाही तयार आहे. एक यंत्र तहसील कचेरीवर, दुसरं पोहरादेवीच्या नंगारा संग्रहालयावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं तेव्हा लोक बंजारा वारसा बघत होते, भाऊ इमारतीची उंची.

"मधात टेकाड आलं तर?" मास्तरांनी विचारलं.

"टेकाडावर आरसा लावू."

"आन् धुई पडली तं?" हा प्रश्न खरा अवघड. पावसाला हा झोत फारशी दाद देत नाही, दाट धुक्यापुढे मात्र हात टेकतो.

"धुईत नेट पाहाले उठते कोन?"

भाऊंचं दैवत ग्रॅहम बेल, पण टेलिफोनवाला नव्हे. १८८० साली वॉशिंग्टनमध्ये बेलचा सहकारी टेन्टर एका शाळेच्या गच्चीवर गेला, आवाजानं थरथरणाऱ्या आरशावरून ऊन सोडलं आणि २१३ मीटरवरच्या बेलला त्या उन्हातूनच सांगितलं, की ऐकू येत असेल तर खिडकीत येऊन टोपी हलवा. बेलनं हलवली. भाऊंच्या घरी याच प्रयोगाची पिढीभर तालीम झाली आहे. वरून "आलं काय वं?", खालून वहिनी, "मुंग्या!" टोपी हलण्याचा योग तेवढा आला नाही.

परवा मास्तरांनी मोबाइलवर वाचून दाखवलं: काडीएवढा झोत दहा किलोमीटरवरच्या पाच सेंटिमीटर जागेत बसवावा लागतो. भाऊ ताठ बसले. असला नेम धरणारा माणूस तालुक्यात दुसरा कोण? पण मास्तर वाचतच राहिले, की यंत्रातले आरसे आपले आपणच हलून नेम धरतात.

"आपोआप? म्हंजे वरतं कोनीच चढत नाही?"

"बसवल्यावर नाही."

"आन् 'आलं काय' म्हनून बोंबलत बी नाही?"

"नाही."

"मंग तसलंच एक आना जी!" आतून वहिनी म्हणाल्या.