फटफटीस तिसरे चाक

मिल्वॉकी, विस्कॉन्सिन
श्रावण शुद्ध पंचमी

तीर्थरूप आबांचे सेवेसी,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. पत्रास विलंब झाला. त्याचे कारण वाचून आपण आधी रागावून मग हसाल की आधी हसून मग रागावाल, याचा अदमास इतक्या लांबून लागत नाही. तरी मजकूर असा, की वयाच्या बावन्नाव्या वर्षी आम्ही तीनचाकी फटफटी खरेदी केली असून, तिचे गिअर धक्क्यावाचून कसे बदलावेत या विद्येची उमेदवारी गेले सहा आठवडे करीत आहोत. "तीनच चाके फिरवायची होती, तर हमरापूर फाटा ते पेण ही रिक्षा काय वाईट होती?" हा आपला प्रश्न सूनबाईंनी आपल्यातर्फे आगाऊच विचारून ठेवला आहे.

माझी बाजू एवढीच, की हे शहर फटफट्यांचे माहेरघर. हार्ले-डेव्हिडसन कंपनी 1903 साली येथेच निघाली, आणि 1932 पासून 1973 पर्यंत तिने 'सर्व्हि-कार' नावाची तीनचाकीही बनविली. तीवर बसून पोलीस शिपाई रस्त्याकडेला उभ्या मोटारींच्या टायरांवर खडूच्या खुणा करीत हिंडत. आपल्याकडे दिल्लीतही लष्कराने विकून टाकलेल्या फटफट्यांना मागे दोन चाके व बाके जोडून चांदणी चौकाचे उतारू वाहिले जात. तात्पर्य, तिसरे चाक ही माझ्या डोक्यातून निघालेली विकृती नव्हे. आमची गाडी शेजारच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी वापरलेली आहे.

पहिले तीन दिवस मी तिच्यावर रिक्षा चालविली. रिक्षाचा गिअर डाव्या मुठीत असतो: क्लच दाबावा, मूठ पिळावी, काम फत्ते. येथे डाव्या हाताकडे क्लच तेवढा ठेवून गिअर डाव्या पायाच्या ताब्यात दिला आहे. चवड्याने खाली दाबला की पहिला, वर उचलला की न्यूट्रल ओलांडून दुसरा, आणि असेच उचलत उचलत सहावा. परंतु बारा वर्षे पेणच्या रस्त्यावर मूठ पिळलेला हात या नव्या हुकमास रुजू होईना. तो जागची न हलणारी मूठ पूर्ण श्रद्धेने पिळी आणि पाय मात्र व्याह्याच्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा स्वस्थ बसून राही. पुढे पायाने कामकाज हाती घेतले, तेव्हा तो गिअर अर्धाच उचलू लागला. सबब सिग्नल हिरवा झाला की आमची गाडी न्यूट्रलमध्ये सिंहगर्जना करी आणि जागीच उभी राही. गाडी बंद पडली तरी ती आडवी होत नाही, हा तिसऱ्या चाकाचा उपकार. इभ्रत मात्र होते.

एका बाबतीत रिक्षा कामी आली. येथले जन्माचे फटफटीस्वार तीनचाकीवर प्रथम बसतात तेव्हा वळणावर सवयीने अंग कलते करतात, आणि गाडी काही कलत नाही. तिचे हँडल रिक्षासारखे हातांनीच वळवावे लागते. तेथे मी निष्णात ठरलो. शिकविणाऱ्या गृहस्थांनी "पूर्वी कोठे शिकलात?" असे विचारले, तेव्हा पेण तालुक्याचे नाव सांगताना छाती किंचित फुगली, हे कबूल करतो.

आता धक्क्याविषयी. वरचा गिअर पडला की इंजिनाला आपले फेरे उतरवून चाकांच्या गतीशी जमवून घ्यावे लागते; क्लच घाईने सोडला, तर फेऱ्यांची ती सगळी शिल्लक धक्क्याच्या रूपाने एकरकमी वसूल होते. खालचा गिअर टाकताना याच्या उलट, म्हणून क्लच दाबलेला असतानाच किंचित रेस द्यावी लागते. हे ज्ञान मला पहिल्याच दिवशी झाले. हाताला व्हायला महिना लागला. प्रत्येक चुकीची नोंद मागे बसलेल्या सूनबाईंच्या हेल्मेटाने माझ्या हेल्मेटावर 'टक्' अशी होई. घर ते सरोवर, सतरा टक. त्या मोठ्याने मोजीत.

मग एके संध्याकाळी आपला गणपतींचा कारखाना आठवला. आपण मला डोळ्यांच्या आखणीस बसविले होते, आणि माझ्या हातून तीन गणपती तिरळे झाल्यावर मुकाट्याने रिक्षाचे पैसे दिले होते, ते साल. "ब्रश दाबू नको, नुसता टेकव, रेघ आपली आपण येते," असे आपण शंभरदा म्हणाला असाल. क्लचचेही तसेच निघाले. तो जेथे पकडू लागतो, ती जागा जेमतेम बोटभर असते. तेथवर पटकन यावे, तेथे श्वास धरावा, आणि बोटे नुसती सैल करावीत. मागल्या रविवारी पिवॉकीच्या हिंदू मंदिरापर्यंत गेलो. दुसऱ्याचा तिसरा, तिसऱ्याचा चौथा, मागून आवाज नाही. सूनबाई रागावल्या असाव्यात, अशा समजुतीने वाटेत थांबून पाहिले, तो त्यांना डुलकी लागली होती.

आपण पाठविलेली मूर्तीची पेटी सुखरूप पोचली. सोंडेचे टोकसुद्धा दुखावलेले नाही. चतुर्थीस ती मंडळाच्या जागी फटफटीवरून न्यावी, अशी नम्र दरखास्त मी घरात मांडली होती. आखणी आपल्या हातची आहे व क्लच माझ्या हातचा आहे, असा शेरा मारून ती नामंजूर झाली. मूर्ती मोटारीतून जाईल. मी मागून येईन.

आपला आज्ञाधारक,
बंडू

ता. क. पोह्याचे पापड संपले.