काहीच न दिसण्याचे माहात्म्य

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खांची लक्षणे सविस्तर सांगितली आहेत, आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खांनाही सोडलेले नाही. हा ग्रंथ महाडजवळच्या शिवथरघळीत सिद्ध झाला अशी परंपरा आहे. पावसाळ्यात त्या घळीच्या तोंडाशी मोठा धबधबा कोसळत असतो. एवढ्या पाण्याच्या शेजारी बसून केलेल्या यादीत ‘भर आषाढात डोंगरावर जातो तो एक मूर्ख’ असे लक्षण मात्र नाही. मला हा मोठा आधार वाटतो. ज्यांची स्तुती करायला मी बसलो आहे ते लोक नेमके हेच करतात. छत्रीचा काही उपयोग होणार नाही हे पुरते ठाऊक असताना ते जुलैत आंबोलीला जातात.

व्यवहाराच्या हिशेबाने यात शहाणपणा नाही, हे आधीच मान्य करून टाकू. सावंतवाडी तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर हे गाव आहे. वर्षाचा सरासरी पाऊस ७,००० मिलिमीटरच्या वर, म्हणजे पुण्याच्या साधारण दहापट, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. अरबी समुद्रावरून येणारा वारा या भिंतीला धडकतो, वर चढतो, गार होतो आणि जवळचे पाणी इथेच ओतून टाकतो. गडहिंग्लजला पोचेपर्यंत त्याच्याकडे द्यायला फारसे उरत नाही. या दिवसांत आंबोलीत कपडे वाळत नाहीत, काडी पेटत नाही, मिठाला पाणी सुटते, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी धरते. अंथरूणसुद्धा दमट लागते. म्हणून शहाणी माणसे डिसेंबरात येतात. त्यांना महादेवगडावरून खालचे कोकण लख्ख दिसते, आणि घाटातल्या धबधब्यापाशी एखादी बारीक धार नाहीतर नुसता काळा कातळ.

जुलैत येणाऱ्याला महादेवगडावरून काय दिसते? काही नाही. कठडा दिसतो, आणि कठड्यापलीकडे पांढरे धुके. या धुक्याकडे कुटुंबेच्या कुटुंबे पाठीवर पाऊस घेत उभी असतात. आजोबा पांढऱ्यात बोट दाखवून नातवाला सांगतात, तिकडे समुद्र आहे. नातू मान डोलावतो. ज्या दरीचा ठिपकाही दिसत नाही तिच्यासमोर माणसे अशी तासभर उभी राहतात, आणि कोणीही पैसे परत मागत नाही. असा विश्वास देवळाच्या रांगेतही कमीच पाहायला मिळतो. कणसे भाजणारा गाववाला ताडपत्रीखालून समजावतो, ‘ह्या दिवसांत दिसाचा काय नाय. भिजाक इलात मा?’ आंबोलीच्या पावसाळ्याबद्दल याहून नेमके कोणी बोललेले मला माहीत नाही.

आंबोलीजवळच्या कावळेसादला तर पाणीही नियम पाळत नाही. ओढा कड्याच्या टोकापर्यंत शिस्तीत येतो, खाली उडी घेतो, आणि दरीतून वर चढणारा वारा त्याला अधांतरी उचलून माघारी फेकतो. आपल्या डोक्यावर पडणारे पाणी आभाळातून आले की पायाखालून, हे सांगता येत नाही. मधूनच धुके फाटते. समोरची अख्खी दरी, तिच्या भिंतींवरच्या पांढऱ्या धारा, तळाचे हिरवे रान एका क्षणात उघडे पडते आणि कॅमेरा पिशवीतून काढेपर्यंत मिटते. ज्याने पाहिले त्याने पाहिले.

या लोकांच्या वेडाची मला किंमत वाटते ती मात्र दुसऱ्याच कारणाने. लांबचे दिसेनासे झाले की माणूस जवळचे पाहू लागतो. आंबोलीचे खरे वैभव हातभर अंतरावरच आहे.

जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाने भरलेली लहान लहान डबकी असतात, कित्येक तर ओंजळभर पाण्याची. आंबोलीचा भेक अशाच डबक्यांत अंडी घालतो. दोन बोटांत मावेल एवढा हा प्राणी, पिवळसर तपकिरी, अंगावर वाघासारखे पट्टे. शास्त्राने त्याला वेगळी जात म्हणून ओळखले ते २००९ साली. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो, कारण त्याची वस्ती मुख्यतः या एवढ्याशा टापूतच आहे. पावसाने मध्येच दडी मारली, उघडीप लांबली, की डबके आटते आणि अंडी वाळून जातात. ज्या झडीला आपण वैतागतो त्या झडीच्या भरवशावर एका अख्ख्या जातीने आपला संसार मांडला आहे. रात्री विजेरी घेऊन सड्याच्या कडेला ओणवे बसून हा भेक पाहणारी माणसे मी पाहिली आहेत. गुडघे चिखलात, पाठीवर पाऊस, आणि तोंडातून शब्द नाही. आंबोलीला आलेल्या माणसाने मिळवावे ते हेच.

पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला तर तो उडत्या बेडकाचा. पिल्ले तयार झाली की फेस विरघळतो आणि ती सरळ खालच्या पाण्यात पडतात. ओल्या झुडपात वेटोळे घालून निश्चल बसलेला मलबारी चापडा हिरवा असेल, पिवळा असेल नाहीतर तपकिरी. विषारी आहे, लांबूनच पाहावा. हिरण्यकेशीच्या देवळापाशी गुहेतून नदी बाहेर पडते, तिथल्या पाण्यात आढळलेल्या एका इवल्या माशाची २०२० साली नवी जात म्हणून नोंद झाली, त्याला नदीचेच नाव मिळाले, आणि पुढच्या वर्षी ती जागा राज्याने जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. याच नदीचे पाणी पूर्वेला वळून आजरा, गडहिंग्लजवरून घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते. घाटमाथ्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस अरबी समुद्राला जातो. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांत वाटले जाते.

आता जेवण. जुलैत आंबोलीला येऊन ताजी सुरमई मागणारे पुष्कळ असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा जी सुरमई ताटात येते ती बर्फातली. या दिवसांतले खरे जेवण मागायला थोडा धीर लागतो, कारण ते फलकावर लिहिलेले नसते. खानावळीतल्या काकींना विचारावे, ‘आज घरात काय केलंय?’ मग कुळथाची पिठी आणि वाफाळता भात येतो. उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घातलेली टाकळ्याची भाजी येते. रानातली फोडशी येते. निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, त्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब. कोंबडी-वडे आणि सोलकढी तर बाराही महिने मिळतात, पण वडा कढईतून थेट ताटात पडत असताना बाहेर पागोळ्या गळत असाव्यात. हे जेवण पावसाळ्याची बेगमी म्हणून कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या घडवले आहे. पाऊस नसताना ते खाण्यात निम्मी चव जाते.

हॉटेलात ‘रात्री काही सांस्कृतिक कार्यक्रम आहे का’ अशी चौकशी होते. दशावतार पाहायचा तर कार्तिकानंतरच्या जत्रांना यावे. आषाढात राजाचे सोंग घेणारे कितीतरी हात चिखलात लावणी करत असतात. घाट उतरून तीसेक किलोमीटरवर सावंतवाडी आहे. तिथे राजवाड्यात आजही हाताने गंजिफा, म्हणजे खेळायचे पत्ते, रंगवतात. दशावतारी गंजिफेची पाने १२०, एकेका अवताराची बारा, गोल. तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला मरता मरता वाचवली. पावसाने गाठलेल्या दुपारी रंगवणाऱ्याच्या कुंचल्याचे टोक पाहत बसण्यासारखे दुसरे सुख नाही.

माझी स्तुती इथपर्यंतच. रविवारी घाटात मोटारींची रांग लावून, डिकीतले स्पीकर उघडून, माकडांना वेफर्स भरवून, बाटल्या ओढ्यात सोडून जे परततात, त्यांना मी या मूर्खांच्या पंक्तीला बसवणार नाही. आषाढात भिजायला येणारा आपला आराम पणाला लावतो. हे लोक दुसऱ्याचे गाव पणाला लावतात. कावळेसादला कठडा ओलांडून फोटोसाठी पुढे गेलेली तरुण पोरे परत आलेली नाहीत. मग गावातलीच पोरे धुक्यात, पावसात, दोर बांधून दरीत उतरतात आणि अनोळखी माणसाचा देह खांद्यावर घेऊन वर येतात. त्यांचे हे काम पाहिलेल्या माणसाला पुन्हा कठड्यापलीकडे पाय टाकायचे सुचणार नाही.

माहात्म्य सांगितले की व्रताचे नियमही सांगावे लागतात. जा जुलैतच, पण मधल्या वारी. दोन रात्री राहा, कारण पहिला दिवस कपडे वाळवण्याच्या निष्फळ खटपटीत जातो. राहायला गावातले घर बघा, म्हणजे चार पैसे गावात राहतील. ‘पॉइंट’ किती झाले ते मोजू नका. कठड्याच्या अलीकडे राहा. प्राणी हातात घेऊ नका, डबक्यात पाय घालू नका. त्या ओंजळभर पाण्यात कोणाचा तरी वंश वाढत असतो. आणि रात्री घाट चढता-उतरताना गाडी अगदी हळू चालवा, कारण पावसात बेडूक रस्त्यावर येतात आणि चाकाखाली चिरडले जातात.