पोळ, काका आणि झटका मशीन

वास्कोत गुरं भर रस्त्यात बसतात आणि आम्ही वास्कोकार त्यांना वळसा घालून जातो. त्यामुळे गुरांना अडवायचं, ही कल्पनाच मला जरा उद्धट वाटते. पण पेडण्याच्या काकांनी भाटात केळी लावल्या आणि भोवती सौर कुंपण उभारलं. पॅनेल, बॅटरी, झटका मशीन, सगळा थाट. तरी देवाला सोडलेला गावचा पोळ संध्याकाळी आत यायचा, कोवळे पोगे खायचा आणि आल्या वाटेने परतायचा. काकांचा फोन आला, "तू बंदरात होतास, तुला वीज कळत असणार." मी बंदराच्या हिशेब खात्यात होतो. पण पेडण्यात बंदर म्हणजे सगळं यंत्रच.

मशीन बंद असतं तर दुकानदाराशी भांडता आलं असतं. ते चालू होतं. दर सेकंदाला एक टक, दामोदर सप्ताहाच्या भजनासारखं अखंड. पाठीवर 8 हजार व्होल्ट छापलेले. टेस्टर मात्र तारेवर दीड हजारसुद्धा दाखवीना. ही बातमी पोळाला आमच्याआधी होती. हे कुंपण गुरांना अडवत नाही, घाबरवतं. ओल्या नाकाला एकदा सणसणीत बसला की जनावर पुन्हा तारेजवळ फिरकत नाही. पण तार मेलेली आहे हे एकदा कळलं की तिच्यावर ते पाठसुद्धा खाजवतं. त्यात आमचा पोळ शिंगाने तार उचलायचा. शिंगातून वीज जात नाही. सुळ्यातूनही जात नाही, म्हणून हत्ती तारा सुळ्यांनी तोडतात. 2025 च्या सप्टेंबरात ओंकार हत्ती सिंधुदुर्गातून पेडण्यात उतरला, मोपा-तांबोशात फिरला, तेव्हापासून काकांचं म्हणणं, पोळाने शिकवणी त्याच्याकडेच लावली. तारखा जुळत नाहीत; पोळ त्याच्याही आधीपासून येतो.

तोवर अंगणात तज्ज्ञ जमले. एकाने बॅटरी जिभेने चाटून पाहू का विचारलं. दुसऱ्याने साधा मल्टिमीटर लावला. झटका इतका क्षणभराचा असतो की त्याचा आकडा नुसता गांगरला. तिसऱ्याने शांतपणे सांगितलं, "घरच्या मीटरची तार थेट जोडा, पोळाचा बाप येणार नाही." इथे मात्र विनोद थांबतो. मशीनचे हजारो व्होल्ट क्षणात येतात नि जातात, जनावर मागे हटतं. घरचे 230 व्होल्ट सोडत नाहीत. अशा तारांवर माणसं मेली आहेत, गवेही. आणि गवा पडला गोव्याचा राज्यप्राणी, 1972 च्या वन्यजीव कायद्याचा लाडका. केळीपायी काका तुरुंगात जायचे. काकीने त्या तज्ज्ञाचा चहा परत नेला.

मग पद्धतशीर लागलो. तार मशीनपासून सोडवली. नुसतं मशीन पुरे 8 हजार दाखवू लागलं. म्हणजे दोष बाहेर. कुंपण निम्मं-निम्मं तोडत गेलो. अंधार पडल्यावर एका खांबावर निळी ठिणगी चटचटताना दिसली, इन्सुलेटर तडकलेला. बदलला. आकडा थोडा हलला, पोळ तसूभरही हलला नाही. शेवटी टेस्टर अर्थिंगच्या सळईला लावला. तिथे जवळजवळ शून्य हवं. होते हजारावर व्होल्ट!

सळई होती घरामागच्या जांभ्यात, एकुलती एक. तारेतला झटका जनावरातून जमिनीत उतरून याच सळईने मशीनकडे परततो, तेव्हा कुठे जनावराला बसतो. एप्रिलमधला कोरडाठाक जांभा त्याला परत येऊच देईना. पावसात माती ओली, अर्थिंग झकास. पण तेव्हा गवत वाढून तारेला टेकतं आणि झटका तेच पिऊन टाकतं. उरले दिवाळीच्या आगेमागचे दिवस. तेव्हा कुंपण उत्तम चालतं, आणि विक्रेता प्रात्यक्षिकाला नेमका तेव्हाच येतो.

बाराही महिने ओली असलेली जागा घरात एकच, काकीच्या मोरीचं पाणी जातं तो अळवाचा वाफा. तिथे तीन-तीन मीटरवर तीन लांब सळया ठोकायच्या म्हणताच काकी उभी राहिली. "अळू उपटलंत तर मशीन मी उपटीन." वाटाघाटी होऊन सळया अळवाच्या कडेने बसल्या. संध्याकाळी टेस्टर 6 हजारांवर गेला. पोळ आला, सवयीने नाक पुढे केलं, आणि देवाला सोडलेल्या जनावराला न शोभणारी उडी मारून थेट सरपंचांच्या वाडीत शिरला.

आता काका दिवेलागणीला काकीला विचारतात, "भांडी घासलीस ना?" चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला. मध्यंतरी काकी माहेरी गेली, मोरी सुकली. काकांचा पुन्हा फोन आला, आकडा उतरतोय म्हणून. मागून आवाज येत होता, पितळेवर काथ्या घासल्याचा.