गल्लीतला परवाना कसा काढावा

पुण्याच्या पेठांमध्ये घरासमोर रस्त्यावर गाडी लावायला रहिवाशाला परवाना लागत नाही, असा एक गैरसमज उपनगरांतून पसरला आहे. परवाना लागतो. फक्त तो महापालिका देत नाही, आपला आपणच काढायचा असतो. अर्ज नाही, शुल्क नाही, दोन पासपोर्ट साइज फोटो नाहीत. पेठेत नव्याने भाड्याने आलेल्यांची आणि बोनसच्या भरात गाडी बुक करून मग जागेचा विचार करणाऱ्यांची सोय व्हावी, म्हणून त्याची रीत इथे देत आहे.

ज्याने लहानपणी फलाटाला लागणाऱ्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला आहे, त्याला यातलं काहीच अवघड जाणार नाही. रुमालाजवळ तिकीट नसतं. तरी तो उचलून बसणाऱ्याला अख्खी एसटी बोलते. गल्लीतही हेच तत्त्व चालतं, फक्त रुमालाचं वजन वाढतं.

तर आधी साहित्य. नवशिके एका पायाने अधू झालेली प्लास्टिकची खुर्ची ठेवतात. ती संध्याकाळपर्यंत इस्त्रीवाल्याकडे बसायला गेलेली असते. त्याहून बरा ऑइलपेंटचा वीस लिटरचा डबा. त्यात सिमेंट ओतायचं, ओलं असतानाच मधोमध पाइपाचा तुकडा उभा करायचा आणि पाइपाला लाल चिंधी बांधायची. असा डबा पायाने सरकत नाही आणि उचलताना लोकांना कमरेची आठवण होते. पण अनुभवी माणूस डब्याच्याही नादी लागत नाही, तो तुळशीची कुंडी ठेवतो. ऑफिसला उशीर झालेला, बूट घातलेला गृहस्थ तुळशीला हात लावायला कचरतो, आणि तेवढ्यात वरून कुणीतरी "काय हो?" एवढं म्हटलं की काम झालं.

सगळ्यात भक्कम परवाना म्हणजे बंद पडलेली चेतक. आजोबांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, मग ती घरी आली, तिला हार घातला, पेढे वाटले. आता ती सीट फाटलेल्या अवस्थेत नातवाच्या मोटारीसाठी जागा धरून उभी असते. नातू आला की तिला फुटपाथावर घ्यायचं, गेला की पुन्हा खाली उतरवायचं. एवढी वर्षं चाकरी केलेल्या वाहनाला निवृत्ती नाही, याचं वाईट वाटतं, पण इलाज नाही.

आता आपण नक्की काय धरतो आहोत, हे समजून घ्या. राज्याच्या बांधकाम नियमांत एका मोटारीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरतात, म्हणजे जवळजवळ १३५ चौरस फूट. चाळीतली दहा बाय बाराची खोली १२० भरते. त्या खोलीत चार-पाच माणसांचा संसार झाला, मुलं दहावीला पहिल्या वर्गात आली. तिच्याहून मोठा तुकडा, तोही शहराच्या ऐन मध्यात, आपण एका कुंडीवर मिळवतो आहोत. तेव्हा थोडी कृतज्ञता असू द्यावी आणि कुंडीला रोज पाणी घालावं.

जागा मिळाली की वहिवाट पाडायची. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वहिवाटीने हक्क सांगायचा तर खासगी मिळकतीवर २० वर्षं आणि सरकारी मिळकतीवर ३० वर्षं लागतात. गल्लीत तीन महिने पुरतात. त्या तीन महिन्यांत जागा एकही रात्र मोकळी दिसता कामा नये. सासुरवाडीला जायचं असेल तर रिक्षाने जा. तीन महिन्यांनी शेजारी आपणहून "ती जोशांची जागा" असं म्हणू लागतात. (आडनाव उदाहरणादाखल.) मग पाटी लावायला हरकत नाही. मजकूर थोडका असावा. हवा सोडण्याच्या धमक्या वगैरे आता जुन्या झाल्या, त्यांचे लोक फोटो काढतात आणि गाडी तिथेच लावून निघून जातात. त्यापेक्षा 'येथे वाहने लावू नयेत' एवढंच लिहावं आणि खाली 'आज्ञेवरून'. आज्ञा कुणाची, ते लिहू नये.

पी-१, पी-२ हे प्रकरण मात्र नीट शिकायला हवं. ज्या रस्त्यावर या पाट्या आहेत तिथे विषम तारखेला एका बाजूला गाड्या लावायच्या, सम तारखेला दुसऱ्या. म्हणजे परवाना एक नाही, दोन काढावे लागतात. एक आपल्या दारासमोर, दुसरा समोरच्यांच्या दारासमोर, आणि समोरच्यांचाही नेमका तोच बेत असतो. रात्री पावणेबाराला अशा रस्त्यावर येऊन पाहा. पायजम्यातली भली माणसं हातात किल्ली घेऊन, एकमेकांकडे न बघता, फेरफटका मारायला आल्यासारखी उभी असतात. बाराच्या सुमाराला पहिलं इंजिन सुरू होतं, मग एकदम सगळी. परवा या धांदलीत समोरच्या इमारतीतले काका आणि मी एकाच जागेत तोंड घालून उभे राहिलो.

"तुम्ही मागे घ्या," काका काचेतून म्हणाले.

"काका, मी आधी आलो."

"मी १९८४ साली आलो."

मी मागे घेतली.

या पद्धतीत एक फट आहे. एकतीस तारीख विषम आणि तिच्यानंतर येणारी एक तारीखही विषम. वर्षातले सात महिने एकतीस दिवसांचे, म्हणजे सात वेळा गाडी दोन दिवस एकाच बाजूला सुखाने उभी राहते. लीप वर्षात फेब्रुवारी आणखी एक जोड देतो. आमच्या गल्लीत या रात्री संकष्टीपेक्षा नेमाने लक्षात ठेवतात. बाहेरगावची लग्नंसुद्धा त्या बेताने धरता आली तर बरं, असं एका आजींचं म्हणणं आहे.

कायद्याचं भय बाळगू नये, पण ओळख असावी. मोटार वाहन कायद्यानुसार सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ बेवारस उभी असलेली गाडी पोलीस उचलून नेऊ शकतात. यातला जीव 'बेवारस' या शब्दात आहे. म्हणून गाडीला वारस दिसला पाहिजे. डॅशबोर्डवर मोबाइल नंबर, आरशाला ताजं लिंबू-मिरची, आठवड्यातून एकदा ओलं फडकं. आमच्याकडे एका गाडीवर चार वर्षं कव्हर आहे. त्याखाली मांजरीची तिसरी पिढी नांदते आहे. पण दर दसऱ्याला कव्हरावर झेंडूचा हार पडतो, त्यामुळे तिला बेवारस म्हणायची कुणाची छाती नाही.

गणपतीचे दिवस अपवाद. मांडवाचे वासे पडले की सगळे परवाने आपोआप स्थगित होतात. अपील नाही. वर्गणी द्यायची आणि गाडी मामाकडे कोथरूडला नेऊन ठेवायची.

वरच्या पातळीवरही हालचाली चालू असतात. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ साली पार्किंग धोरण मंजूर केलं. रस्त्यावर उतरायला त्याला जागा मिळेना, म्हणून ते वर्षानुवर्षं फायलीतच उभं राहिलं. मे २०२५ मध्ये राज्याच्या परिवहन मंत्र्यांनी जागेचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असं जाहीर केलं. जपानात असा कायदा १९६२ पासून आहे. तिथे घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा दाखवावी लागते आणि पोलीस ती पाहून दाखला देतात. ही बातमी मी काकांना वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुंडीचा फोटो चालेल का?"

हे सगळं करूनही कधीतरी पाहुणा येतो, कुंडी उचलून बाजूला ठेवतो आणि गाडी लावून जेवायला वर जातो. अशा वेळी भांडू नये. खिडकीत उभं राहावं आणि तो खाली येईपर्यंत त्याच्या गाडीकडे नुसतं पाहत राहावं. तो येऊन "सॉरी हं, दहाच मिनिटं" म्हणाला, की "छे छे, रस्ता सगळ्यांचाच आहे" असं म्हणावं. हे वाक्य नीट म्हणता आलं, तर तो पुन्हा येत नाही.

आणखी काही शंका असतील, पण त्यांना आज उत्तर मिळणार नाही. आज एकतीस तारीख आहे. कुंडी आत घेतली आहे, गाडी लावली आहे. परवा सकाळपर्यंत कृपया बेल वाजवू नये.