ओट्याचा रंग कोण ठरवतो?

स्वयंपाकघर नव्याने करताना दगडाचा करडा, मातीचा तांबूस आणि लाकडाचा तपकिरी हे रंग नैसर्गिक म्हणून निवडले जातात. स्वयंपाकघरातला सर्वांत नैसर्गिक रंग हळदीचा. तो कोणी निवडत नाही, आपण होऊन येतो. त्यामुळे निवड करायची ती हळद कुठे दिसावी आणि कुठे लपावी याची.

पहिला विचार ओट्याचा. जुन्या घरांतला कडप्पा आंध्र प्रदेशातून येतो, शहाबादी फरशी कर्नाटकातून आणि कोटा राजस्थानातून. तिन्ही चुनखडक. संगमरवरही त्यांचाच भाऊबंद, कारण या सगळ्यांचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. या कुळाचे आंबटाशी पिढीजात वैर आहे. लिंबू, चिंच किंवा आमसुलाचे पाणी सांडले की आम्ल दगडाला खाते आणि तेवढ्या जागेची चकाकी जाते. पांढरा संगमरवरी ओटा घातलेल्या सोलकढीप्रिय कुटुंबापुढे दोन मार्ग उरतात : सोलकढी सोडणे किंवा ओट्यावर कायम वर्तमानपत्र अंथरणे. सहसा दुसरा मार्ग पत्करला जातो आणि महागडा दगड सणावारी दर्शन देतो.

ग्रॅनाइटला या आम्लांचे भय नाही. मोह्सच्या मापाने संगमरवराचा कठीणपणा 3, ग्रॅनाइटचा 6 ते 7. त्यावर भाजी चिरली तर ओरखडा न उठता सुरीच बोथट होते. मात्र काळ्याभोर ग्रॅनाइटवर पोळ्यांची पिठी आणि वाळलेल्या पाण्याचे डाग लांबून ओळखू येतात. तेलंगणात करीमनगरकडे निघणारा ‘टॅन ब्राउन’ हा ठिपक्याठिपक्यांचा तपकिरी ग्रॅनाइट अधिक समजूतदार. त्यावर सांडलेली मोहरी आणि चहाची पूड दिसत नाही. एरवी हा दोष, पण पाहुणे जिना चढत असताना मोठा गुण.

‘क्वार्ट्झ’ नावाने मिळणारा ओटा सुमारे 90 टक्के नैसर्गिक असतो. उरलेली कृत्रिम राळ चुलीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली की डागाळते. हा दगड कोरडा कापताना उडणाऱ्या बारीक सिलिकाने कारागिरांना सिलिकोसिस होतो. ऑस्ट्रेलियाने याच कारणासाठी 1 जुलै 2024 पासून अशा दगडावर बंदी घातली.

ओट्यामागच्या भिंतीवर पांढऱ्या टाइल्स शोभतात. टाइल पुसून निघते, दोन टाइल्समधला सांधा निघत नाही. तिथे बसलेल्या हळदीतले कर्क्युमिन अल्कलीयुक्त साबण लागताच लाल होते, म्हणजे पिवळा डाग काढायला बसलेल्या माणसाच्या पदरी लाल डाग पडतो. कर्क्युमिन उन्हात विटते, पण गॅसमागच्या भिंतीवर ऊन आणायचे तर आधी शेजाऱ्यांची इमारत हलवावी लागेल. त्यापेक्षा सांधे मातकट रंगाच्या इपॉक्सीने भरणे स्वस्त. ते पाणी, तेल फारसे शोषत नाही. चुन्याची सफेदी आणि गेरू हे अस्सल नैसर्गिक रंग. गेरूतले लोहाचे ऑक्साइड उन्हातही टिकते. पण ओल्या फडक्याने पुसले की दोन्ही फडक्यावर येतात, म्हणून त्यांना फोडणीच्या पल्ल्याबाहेरची भिंत द्यावी.

कपाटांसाठी सागवान उत्तम. त्याच्या अंगच्या तेलामुळे वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. भाव ऐकल्यावर गिऱ्हाईकही जात नाही. मग प्लायवूड येते. सिंकखाली तरी पाण्याला टिकणारे, आयएस 710 दर्जाचे घ्यावे, कारण तिथला पाइप आज ना उद्या गळतोच. वरून सागवानी लॅमिनेट चिकटवतात. त्यावरच्या लाकडाच्या रेषा कागदावर छापलेल्या असतात. त्यामुळे एकाच झाडाची एकच गाठ चार दारांवर त्याच जागी उगवते आणि आलेला प्रत्येक जण “खरं लाकूड का हो?” असे विचारतो. उत्तर घरमालकाच्या स्वभावावर अवलंबून असते.

अंतिम निवड दुकानातल्या दिव्यांखाली करू नये. दगड, टाइल आणि लॅमिनेटचे तुकडे घरी आणावेत, त्यांवर हळद, तेल आणि लिंबाचा रस लावून रात्रभर ठेवावे. सकाळी पुसल्यावर जो तुकडा पूर्वीसारखा दिसेल, तोच रंग आपल्या घराचा समजावा.